तू लहान क्लॅम्प विचारलेस तेव्हा

प्रिय खटपटे,

गेल्या आठवड्यात फोनवर तू घाईत होतीस. मागे रंधा मशीन चालू होतं, तुझं निम्मं बोलणं त्यानेच खाल्लं. पण जे ऐकू यायचं ते आलं. "बाबा, सुरुवातीला कोणते क्लॅम्प घेऊ? मोठे नकोत हं. छोटे, हलके, वेळ पडली तर आवरून नेता येतील असे सांगा." मी म्हटलं, लिहून कळवतो. तुला वाटलं असेल, बाबांना आता फोनवर बोलायचाही कंटाळा यायला लागला. तसं काही नाही. सांधा आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचा विषय फोनवर उरकण्यासारखा नाही, आणि ते "आवरून नेता येतील असे" माझ्या कानात कुसळासारखं अडकून बसलं. म्हणून आज जेवणं झाल्यावर तुझी आई जरा आडवी झाली आणि मी कागद घेऊन खिडकीपाशी बसलो. मला लिहिताना बघून ती झोपेतच म्हणाली, "कुणाची तक्रार करताय?"

तुझं घोडं कुठे पेंड खातंय ते मला माहीत आहे. तुझ्या घरमालकीणबाईंना या महिन्यात उत्तर द्यायचंय. तू काम करतेस ती बंद पडलेल्या लाँड्रीची जागा लांब मुदतीने घ्यायची, की चावी परत करून इकडे यायचं? आईला तू म्हणालीस, "बघू गं, नाहीतर बाबांचा कारखाना आहेच की." आईने ते वाक्य मला जसंच्या तसं पोचवलं, वर "मी म्हटलंच होतं" हे स्वतःचं जोडून. इकडे सगळ्यांनी धरूनच ठेवलंय की तू येणार. तुझी आत्या भेटेल तिथे "कधी येते?" विचारते, जसं काही तू स्टेशनवर उतरून फक्त सामान मोजते आहेस. या विषयावर मी आजवर मूग गिळून बसलोय. आत्ताही लगेच तोंड उघडणार नाही. आधी क्लॅम्प.

तू विचारलंस म्हणून मी मुद्दाम हत्यारांच्या दुकानात जाऊन आलो. तोच तो साखरतोंड्या दुकानदार. अजून तसाच आहे, फक्त चष्मा जाड झालाय. लेकीसाठी हवंय म्हटल्यावर त्याने रंगीत खोक्यातला एक सेट पुढे केला. "काका, हा घ्या. भेट म्हणून पण छान दिसतो." मी म्हटलं, "तिला दिसायला नकोय, धरायला हवंय." "अहो, एका हाताने लागतो!" "आणि सुटतो किती हातांनी?" त्यावर तो मनापासून हसला आणि मग मला आतल्या मांडणीपाशी घेऊन गेला. हेच हसू त्याने आधी हसायचं होतं, माझी पाच मिनिटं वाचली असती.

तर ऐक. ते बंदुकीच्या घोड्यासारखे एका हाताने दाबायचे क्लॅम्प वाईट नसतात, पण त्यांचं काम म्हणजे तिसरा हात. आडवी पट्टी जागेवर धरायची आहे, खूण करेपर्यंत फळी हलू नये, तिथे ते बरे. गोंद लावलेला सांधा त्यांच्या भरवशावर सोडू नकोस. रात्रीत कधी ढिले पडतील सांगता येत नाही, आणि सकाळी तोंड साळसूद. दोन-चार घे, त्याहून जास्त नको. सी क्लॅम्प ताकदीचा, पण हळू आणि चावरा. त्याच्या तोंडाशी लाकडाचा तुकडा दिल्याशिवाय लावलास तर टेबलावर गोल छाप उठवून ठेवेल, आणि तो छाप गिऱ्हाइकाला दुसरं काही दिसायच्या आधी दिसतो. खुर्च्यांसाठी पट्ट्याचा क्लॅम्प मिळतो. पण तू सायकलच्या जुन्या ट्यूबने खुर्चीचे चारही पाय ओढून बांधतेस ते मी पाहिलंय, त्यामुळे त्यावर तुला मी काय सांगणार? पाइपवर बसणारे क्लॅम्प पण चांगले, कारण पाइप हवा तेवढा लांब घेता येतो. फक्त ओल्या गोंदाला लोखंड लागलं की लाकडावर काळा डाग पडतो, तेव्हा मध्ये कागद घालायला विसरू नकोस.

आणि मग उरतात ते लांब, जाड पट्टीचे. फळ्या जोडून टेबलाचा माथा करायचा, दाराची चौकट आवळायची, तर ते लागतातच. तुझं निम्म्याहून जास्त काम टेबलांचं आहे. वीत-दीड वीत अंतरावर एक, एक वरून, एक खालून, म्हणजे माथा कुठल्याच बाजूला पोट काढत नाही. हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. विकत घेताना मात्र माझं एक ऐक. स्क्रू फिरवून कानाशी धर. मी दुकानात तेच करत होतो. दोघं-तिघं गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली, म्हातारा क्लॅम्पला फोन लावतोय की काय म्हणून. चांगला आटा एकसारखा सरसरतो. वाईट आटा मध्येच कुरकुरतो, अडतो, परत सुटतो. तो नवा असताना कुरकुरला तर जन्मभर कुरकुरणार. मग तोंडं मिटवून त्यात कागदाची पट्टी धर आणि ओढून बघ. कागद सगळीकडे सारखा धरला गेला पाहिजे. एका कोपऱ्यात ढिला असेल तर दुकानदाराला परत दे आणि त्याच्या गोड बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस.

ही कानाची सवय मला कुणी लावली नाही, परिस्थितीने लावली. मी या धंद्यात आलो तेव्हा कुणी मिस्त्री आपलं काम जवळून बघू देत नसे. आत जायची सोय नाही, मग मी भिंतीपलीकडे बसून ऐकायचो. रंधा लाकडाच्या रेषेबरोबर चालला की कसा वाजतो, उलटा गेला की कसा ओरडतो, पटाशीला धार नसली की हातोडी किती वेळा पडते, सगळं आधी कानात शिरलं, हातात नंतर उतरलं. आपला कारखाना उभा राहिला तो या उसन्या आवाजांवर. तुझी आई म्हणते, ह्यांना माणसांचं बोलणं ऐकू येत नाही, फक्त सामानाचं येतं. थोडं खरं आहे. पण काही माणसांचं येतं.

तू आपल्या कारखान्यात नुकती काम करायला लागली होतीस तेव्हाचं ते दातांच्या डॉक्टरांचं टेबल आठवतंय? एवढं देखणं टेबल, आणि वर्ष सरायच्या आत मधोमध फट. डॉक्टरीणबाईंचा फोन: "तुमच्या टेबलात वाटाणे जाऊन बसतात हो!" ते परत आलं तेव्हा आपल्याकडे जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. लाकूड ओलं होतं म्हणे, गोंद जुना होता म्हणे, डॉक्टरांनी वर चढून बल्ब बदलला असेल म्हणे. आपला सगळ्यात दणकट कारागीर, पैलवान, बिचारा छातीवर हात ठेवून सांगत होता, "मालक, मी स्वतः आवळलंय. जिवाच्या आकांताने आवळलंय. हात सोलवटले माझे!" आणि त्याच्या हातांकडे बघून कुणाचाही विश्वास बसला असता. मीही मान डोलावली. आपल्याकडे तेव्हा आवळणं म्हणजे पैलवान, आणि पैलवान म्हणजे आवळणं. जितका जोर जास्त तितका सांधा पक्का, हे आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

तू त्या फटीत नख फिरवलंस आणि आत गेलीस. तुकड्यांच्या ढिगातून चार तुकडे आणलेस, दोन जोड्या केल्यास. एक पैलवानाला दिलीस, म्हणालीस, "दादा, तुमच्या पद्धतीने आवळा." दुसरी तू आवळलीस, दोन बोटांनी, गोंदाचे बारीक थेंब कडेला दिसेपर्यंत, आणि थांबलीस. दुसऱ्या दिवशी ते तुकडे मोडायला तू माझ्या हातात दिले नाहीस, हे मी कधी विसरलेलो नाही. पैलवानाच्या हातात दिलेस. त्याची जोडी सांध्यातच सुटली, कोरडी ठणठणीत. तुझी जोडी मोडली ती बाजूच्या लाकडात. सांधा जागचा हलला नाही. तो दोन्ही तुकडे घेऊन उजेडाला गेला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी सगळा गोंद पिळून बाहेर काढला." तू म्हणालीस, "तुमच्याइतका जोर दुसऱ्या कुणाच्या हातात नाही ना, म्हणून दुसऱ्या कुणाला हे कळलंच नसतं." तुझं ते एक वाक्य! दुसरं कुणी असतं तर त्या दिवशी त्याचं तोंड पडलं असतं; तू त्याला मानाने शहाणं केलंस. तेव्हापासून तो क्लॅम्प असा लावतो, जसं तान्ह्या बाळाच्या झबल्याची नाडी बांधावी. नव्या कारागिरांना सांगतो, "जोर कशाला? हा काय आखाडा आहे?" आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

आता गेल्या महिन्याचं. मी तुझ्याकडे आलो, तू मला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलंस, हातात पेपर दिलास आणि विसरलीस. अगदी योग्य केलंस. मला ती जागा नीट बघता आली. भिंतींना छातीपर्यंत पांढऱ्या फरशा, वर कपडे टांगायच्या लोखंडी नळ्या अजून तशाच, त्यांना तू करवती आणि काटकोन बघायचे गुण्ये लटकवलेले. जमिनीच्या मधोमध पाणी जायची जाळी, आणि सगळी जमीन त्या जाळीकडे उतरती. मला आत येताक्षणी वाटलं होतं, इथे सुताराने काय करावं? सपाट काही ठेवायचं म्हटलं तर जमीनच वाकडी. मग फळ्या आडव्या ठेवायचे तुझे ते दोन लाकडी घोडे दिसले. प्रत्येकाच्या चारही पायांची उंची वेगळी, प्रत्येक पाय जमिनीच्या उताराप्रमाणे कापलेला, आणि वरच्या दोन्ही कडा अशा समांतर की त्यांच्यावर पाण्याची वाटी ठेवली तर पाणी हलणार नाही. त्यांच्यासाठी जमिनीवर खुणा करून ठेवल्यास, म्हणजे जागा चुकायला नको. वाकड्या जमिनीशी भांडत न बसता तू तिचं माप घेतलंस. मी पेपरमागे तोंड लपवून हसत होतो. तुला वाटलं मी विनोद वाचतोय.

त्या दिवशी वाचनालयाच्या टेबलाचा माथा जोडायचा होता. लांब क्लॅम्प तुझ्याकडे पुरेसे नव्हते. काही समोरच्या खिडक्या बनवणाऱ्याकडून उसने आणलेले. उरलेल्या ठिकाणी तू आडव्या पट्ट्यांमध्ये पाचरी घालून काम भागवलंस. गोंद लागला, फळ्या बसल्या, आणि मी पेपर तसाच धरून डोळे मिटले. ऐकण्यासारखं होतं म्हणून मिटले. एक स्क्रू फिरला, थांबला. दुसऱ्या टोकाचा फिरला, थांबला. मग मधला. कुठेही घाई नाही, कुठेही शेवटचा तो हट्टी अर्धा फेरा नाही. मध्येच तू फळीशीच बोलत होतीस, "सरक ना बाई. एवढंसं. हं, बास." पाचरीवर हातोडी पडत होती ती दार वाजवावं इतकी हलकी. शेजारच्या शिंपीणबाई दारातून ओरडल्या, "चहा टाकू का गं?" तू त्याहून मोठ्याने ओरडलीस, "आत्ता नको! गोंद ओला आहे!" त्या म्हणाल्या, "तुझा गोंद कायमचाच ओला असतो!" आणि गेल्या. मला त्या बाई आवडल्या. तुझ्या दारात येऊन असं बोलणारं माणूस आहे, हे ऐकून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

आणि मग ते झालं. तू बोटाच्या पेराने माथ्यावर ठोकलंस. टक्. जरा पुढे, टक्. आणखी पुढे, टक्, आणि तिथे आवाज जरा पोकळ आला. मला ऐकू आला. माथा तिथे घोड्यावरून किंचित उचलला गेला होता, डोळ्याला दिसणार नाही इतका. मी पेपरमागे श्वास धरून बसलो. उठून सांगावं की नाही, काही कळेना. तेवढ्यात तू वरचा एक क्लॅम्प सोडवलास. सोडवलास! आपल्या कारखान्यात एवढी वर्षं आवळलेला क्लॅम्प गोंद सुकायच्या आत कुणी ढिला केलेला मी ऐकला नव्हता. वरचा थोडा सैल, खालचा थोडा घट्ट, परत टक्. आवाज भरून आला. तू ओला फडका घेतलास आणि कडेचा गोंद पुसायला लागलीस, जसं काही झालंच नाही. ते ठोकून ऐकणं तुला मी शिकवलेलं नाही. मी स्वतःही ते माथ्यावर कधी केलेलं नाही. मी मशीनचं ऐकतो, हत्याराचं ऐकतो, लाकूड क्लॅम्पमध्ये असताना काय म्हणतं ते ऐकायचं मला सुचलं नव्हतं. ते तुझं तू काढलंस. दुसऱ्या दिवशी क्लॅम्प निघाल्यावर मी त्या माथ्यावर गाल टेकवून उजेडाकडे बघितलं. तू म्हणालीस, "काय बाबा, झोप येतेय का?" मी म्हटलं, हो.

आता सांगतो हे पत्र का लिहिलं. त्या दिवशी मी तुला न्यायला आलो होतो. "खूप झालं, घरी चल, सगळं तुझंच आहे" हे तुझ्या आईने घोकून घेतलेलं वाक्य मी बसमध्ये सगळा रस्ता मनात म्हणत आलो, आणि खरं सांगायचं तर ते आईइतकंच माझंही होतं. त्या तिसऱ्या 'टक्' नंतर ते माझ्या तोंडून निघेना. मी पाणी मागितलं, तू पाणी दिलंस, विषय संपला. पण तू फोनवर आवरून नेता येतील असे क्लॅम्प विचारलेस तेव्हा कळलं, मी बोललो नाही तरी ते वाक्य तुला ऐकू गेलंय. तुझे कान शेवटी माझेच. दुकान मांडणारं माणूस छोटं, हलकं सामान विचारत नाही. आम्ही वाट बघतोय म्हणून तू एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून काम करते आहेस, आणि तसं तुझ्यासारखीने करू नये. म्हणून मी कारखाना पैलवानाला दिला. भिंती आणि छप्पर आपलंच राहील, धंदा त्याचा. सोमवारी सह्या झाल्या. आधी तो नाहीच म्हणत होता, "ताईंचं आहे ते, मी कसं घेऊ?" मी म्हटलं, ताईंचं तिकडे आहे, मी माझ्या डोळ्यांनी बघून आलोय. मग त्याला दुसरीच चिंता, मला मालक म्हणायचं नाही तर म्हणायचं काय? सध्या "अहो" वर आहे. तुझी आई हसून हसून बेजार. मंगळवारी मी सवयीने आत शिरलो तर म्हणाला, "अहो, चपला घालून मशीनपाशी यायचं नाही." इतका बरोबर होता की मी गुपचूप बाहेर आलो. आई आधी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, पण तुझ्यावर तिचा राग नाही. तिलाही मी त्या 'टक्'चं सांगितलं, ती म्हणाली, "मला नाही कळलं, पण तुम्ही रडताय कशाला?" तेव्हा आता इकडे परत यायला कारखाना उरलेला नाही, आम्ही दोघं आहोत, यायचं तर जेवायला, झोपायला, भांडायला ये. विचारल्याशिवाय का दिलात म्हणून तू चिडशील. चीड, तुझा हक्क आहे. पण विचारलं असतं तर तू आमच्यासाठी हो म्हणाली असतीस, आणि तेवढं मला ऐकायचं नव्हतं. चिडून झालं की घरमालकीणबाईंना फोन कर आणि जागा घेते म्हणून सांग. आणि क्लॅम्प घेशील ते लांब, जाड आणि इतके जड घे की तिथून हलवायचं म्हटलं तरी चार माणसं लागावीत.

तुझाच, सध्या चपला हातात घेऊन फिरणारा,
बाबा